हापूसचं एक पान : वेब डिझाइन शिकणाऱ्यांसाठी रोजनिशीतल्या नोंदी

सोमवार

वेब डिझाइन शिकायला बसलेली मुलं साधनं बदलत राहतात. वर्डप्रेस अर्धवट, मग फिग्मा, मग रिॲक्टचा कोर्स. फ्रीलान्सिंग करायचं मनात असेल तर मला वाटतं एकच पान घ्यावं, खऱ्या माणसाच्या गरजेचं, मराठीतलं, आणि ते शेवटपर्यंत न्यावं. देवगडचा बागायतदार हापूसच्या पेट्या विकतो, त्याचं पान धरू. सुरुवातीला एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (त्याचं रंगरूप) एवढ्यावरच ते उभं राहतं.

आधी मजकूर. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून काढायचं: बागेचं नाव, गाव, पेटीत किती डझन, फळ साधारण किती ग्रॅमचं, भाव, भाड्यासह की भाड्याशिवाय, पेटी कुठल्या शहरांत पोहोचते, किती दिवसांत, खराब फळ निघालं तर काय, फोन. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बागायतदार त्याचा नोंदणीकृत वापरकर्ता असेल तर तो क्रमांकही घ्यायचा, गिऱ्हाईक नेमकं तेच शोधत असतं. ही यादी भरेपर्यंत रंगांना हात लावू नये. लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा निरर्थक लॅटिन मजकूर, भरून केलेला आराखडा खरं मराठी ओतलं की मोडतो. ‘मागवा’ एवढ्या शब्दाला पुरेल असं बटण केलेलं असतं आणि मालकाला हवं असतं ‘घरपोच पेटीसाठी नोंदणी करा’.

मंगळवार

मजकूर बहुतेक वेळा छापखान्यातून येतो. गेल्या हंगामाच्या पत्रकाची फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात असते. तिथून मजकूर उचलून पानात टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो, कारण त्या फाइलमध्ये मुळात मराठी साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात लॅटिन चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. तोच फॉन्ट वेबसाइटवर चढवून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण मग गूगलला ‘हापूस’ सापडत नाही, अंधांसाठीचे स्क्रीनरीडर निरर्थक अक्षरं वाचतात आणि पत्ता कॉपी केला की पुन्हा तोच काला.

उपाय एकच, युनिकोडमध्ये रूपांतर, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत. त्यासाठीची साधनं मोफत मिळतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, कंस आणि रुपयाचं चिन्ह बदलतं. बदललेला मजकूर मूळ पत्रकाशेजारी ठेवून ओळीने वाचायचा. भावाचा आकडा मालकाला फोनवर वाचून दाखवायचा.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारं जोडचिन्ह). डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला वेगळे. ‘ॲप’मधल्या ॲचंही तसंच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे जुन्या सवयीने अ वर चंद्र देणारे अजून पुष्कळ आहेत. एकच पद्धत ठरवून सगळीकडे शोधा-आणि-बदला चालवावं.

बुधवार, उशिरा

आज फक्त अक्षरांबद्दल. इंग्रजीतले धडे बघून केलेली मराठी पानं इथेच फसतात, आणि शिकणाऱ्याला स्वतःचं वेगळेपण दाखवायची सर्वांत मोठी जागा मला इथेच दिसते.

एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा मराठी असल्याचं लिहायचं, तिचा कोड एम-आर. डोक्यावरच्या भागात अक्षरसंच यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत. भाषा का सांगायची? मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, आणि ज्या फॉन्टात दोन्ही रूपं आहेत तो भाषेच्या खुणेवरून मराठी रूप निवडतो. स्क्रीनरीडरही त्यावरूनच उच्चार ठरवतो.

लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या किती पट ते) १.४ किंवा १.५ वर इंग्रजी छान दिसतं. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ‘मूर्ती’खाली ‘कीर्तन’ आलं की वरच्या ओळीचा ऊकार खालच्या रफाराला भिडतो. मजकुराला १.७, मोठ्या शीर्षकाला १.३ ते १.४ ठेवून बघावं. अक्षर फोनवर १७-१८ पिक्सेल.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जास्तीची जागा, शून्यच. शीर्षकाला ऐसपैस करण्यासाठी दोन पिक्सेल दिले की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा सुटा होतो. तयार टेम्प्लेट घेतलं असेल तर त्याच्या सीएसएसमध्ये हे कुठे लपलंय ते आधी शोधावं, बहुधा मेनूत आणि बटणांत सापडतं. तिरक्या अक्षरांचंही तेच: फॉन्टात तिरकं रूप नसलं तर ब्राउझर सरळ अक्षर जबरदस्तीने झुकवतो. जोर द्यायचा तर ठळक करावं किंवा रंग बदलावा.

बटणाला ठरावीक उंची देऊन ओव्हरफ्लो (बाहेर येणारा भाग) लपवला की ‘श्रीं’च्या डोक्यावरचं सगळं कापलं जातं. उंची देऊच नये. वर-खाली पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्यावं, बटण मजकुराप्रमाणे वाढतं.

फॉन्ट मोफत आणि चांगले आहेत. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता मजकुराला, त्यांचाच बलू शीर्षकाला, पुस्तकी वळण हवं तर तिरो देवनागरी मराठी. पण देवनागरी फॉन्टात जोडाक्षरांमुळे शेकडो आकृत्या असतात, त्यामुळे फाइल लॅटिनच्या कित्येक पट जड. मुक्ताची सात वजनं (अक्षराच्या जाडीचे प्रकार) मिळतात, त्यातली ४०० आणि ७०० पुरतात. फाइल वॉफ-२ या वेबसाठी आवळलेल्या प्रकारची, आणि फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप, म्हणजे फॉन्ट उतरेपर्यंत फोनमधल्या फॉन्टात मजकूर वाचता येतो.

चाचणीसाठी एक ओळ जवळ ठेवावी: ‘कृषी उद्योगातल्या दुसऱ्या मूर्तीची ॲडव्हान्स नोंदणी’. ती कापली न जाता, चौकोन न दिसता, न भिडता उमटली तर बाकीचं पान सहसा तरतं.

गुरुवार

पान फोनवर आडवं सरकणं ही नवशिक्याची सर्वांत नेहमीची अडचण. कारणं मोजकीच. व्ह्यूपोर्टची मेटा ओळ (पान फोनच्या रुंदीला बसव, असं ब्राउझरला सांगणारी) राहिलेली असते. किंवा रुंदी १०० टक्के आणि शिवाय दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग, म्हणजे एकूण रुंदी पडद्यापेक्षा ४० पिक्सेल जास्त. सगळ्या घटकांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स दिलं की पॅडिंग रुंदीतच धरलं जातं आणि हे मिटतं. किंवा चित्राला मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) १०० टक्के दिलेली नसते. रचना आधी ३६० पिक्सेल रुंदीला करावी, मग रुंद पडद्यासाठी वाढवावी.

फोनचा क्रमांक दिसायला मराठी अंकांत चालेल, पण लिंकच्या आत इंग्रजी अंकच हवेत, नाहीतर डायलर उघडूनही फोन लागेल याचा भरवसा नाही. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये ९१ आणि पुढे दहा अंक. अधिक चिन्ह, शून्य, रेघ काही नाही. फॉर्ममध्ये पिनकोडला ‘शून्य ते नऊ’ असा इंग्रजी अंकांचा नियम घातला की मराठी अंक टाकणाऱ्याला फॉर्म परत पाठवतो. दोन्ही स्वीकारावेत आणि नंतर बदलून घ्यावेत.

राखाडी अक्षरांचा मोह आवरावा. पांढऱ्यावर मजकुराचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक) किमान ४.५ : १ हवा. भर उन्हात बागेत उभा राहून मालक स्वतःचं पान उघडणार आहे.

शुक्रवार

फोटो. फोनमधून आलेला फोटो तीन-चार एमबीचा आणि चार हजार पिक्सेल रुंद असतो. असे सहा टाकले की गावाकडच्या नेटवर पान उघडतच नाही. १२०० पिक्सेलला आणून वेबपी या हलक्या चित्रप्रकारात बदलला की शंभर-दीडशे केबीत बसतो. प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहावी, नाहीतर चित्र उतरताना मजकूर उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. लेझी लोडिंग (चित्र पडद्याजवळ आल्यावरच उतरवणं) खालच्या चित्रांना द्यावं, सगळ्यात वरच्याला कधीच नाही. मुख्य चित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, हे गूगलचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे.

फाइलींची नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा नको. विंडोजला मोठं-छोटं अक्षर सारखंच, लिनक्स सर्व्हरला नाही. घरच्या संगणकावर दिसणारी चित्रं साइट चढवल्यावर गायब होतात, त्यामागे बहुधा हेच असतं.

रविवार

पैशांचं. दर ठरवताना फक्त कोडचे तास मोजले की तोटा ठरलेलाच. मजकूर गोळा करणं, रूपांतर आणि तपासणी, फोटो, तीन वेगळ्या फोनवर चाचणी, दुरुस्त्या आणि मालकाला शिकवणं यांचे तास वेगळे मांडावेत. निम्मे पैसे आधी, उरलेले साइट लोकांसाठी खुली करण्याआधी. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, पुढच्या फेरीला वेगळा दर, आणि मजकूर कुठल्या तारखेपर्यंत द्यायचा तेही लिहावं. काम रखडतं ते बहुधा मजकुराअभावी. हे सगळं ईमेलवर, मालकाकडून ‘मान्य’ असं उत्तर घेऊन. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा बिलात जीएसटी लावायचा प्रश्न येत नाही.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मालकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच कार्डाने घ्यावं. ओळखीचा म्हणून स्वतःच्या खात्यात घेतलं की पुढे नूतनीकरण चुकतं आणि ऐन हंगामात साइट बंद पडते. .भारतवर देवनागरीत नावही घेता येतं, पण पेटीवर छापायला आणि फोनवर सांगायला सोपं म्हणून .इनचं नाव सोबत असू द्यावं. साधं पान क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफाय या साइट ठेवायच्या सेवांवर मोफत चालतं आणि एसएसएल प्रमाणपत्र (सुरक्षित जोडणीचं) तिथे आपोआप मिळतं.

कॉपीराइटबद्दल एक वाक्य करारात हवंच. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते धरले जातात. बागायतदाराला आखातात पेट्या पाठवायच्या असतील तर ‘सर्व देशांसाठी, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण रक्कम मिळाल्यावर’ असं स्पष्ट लिहावं. फॉन्टचे परवाने वेगळे, ते आपण देऊ शकत नाही. मुक्ता, बलू आणि तिरो खुल्या परवान्याचे आहेत, त्यांच्या परवान्याची फाइल साइटच्या फोल्डरमध्येच ठेवून द्यावी.