पहिली प्रो फाइट : धंतोलीच्या लॅबपासून वजनकाट्यापर्यंत

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा, जाळीच्या पिंजऱ्यात लढायचा खेळ. आपल्याकडे त्यात प्रोफेशनल व्हायला परीक्षा नसते. कुणी सर्टिफिकेट देत नाही, कुठे नाव नोंदवावं लागत नाही. पैसे घेऊन, प्रो नियमांखाली एकदा पिंजऱ्यात उतरलात की झालात प्रो. मग पुन्हा अ‍ॅमेच्युअर (हौशी) स्पर्धांत जाता येत नाही. जिंकलात तर रेकॉर्ड १-०, हरलात तर ०-१, आणि तो आकडा इंटरनेटवर जन्मभर तुमच्या नावापुढे. म्हणूनच आमच्या सरांनी मला बराच काळ अडवून धरलं होतं. आता नागपूरचे पोट्टे विचारतात, 'भाऊ, प्रो कसं व्हायचं?' त्यांना किक, चोक, नॉकआउट याबद्दल ऐकायचं असतं. माझा जीव खरा खाल्ला तो कागदांनी, रक्ताच्या तपासण्यांनी आणि वजनाने, त्यामुळे मी तेच सांगणार.

मी मूळचा ज्युदोवाला. शाळेत ज्युदो, कॉलेजात किकबॉक्सिंग, आणि मग हिंगणा रोडवरच्या एका टिनाच्या शेडमध्ये एमएमए. दिवसा जिममध्ये ट्रेनरची नोकरी, संध्याकाळी शेड. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा त्या टिनाखाली संध्याकाळी सातलासुद्धा उभं राहवत नाही, म्हणून उन्हाळ्यात आमचा सराव पहाटे साडेपाचला. कुस्तीसाठी महालातल्या एका आखाड्यात जायचो. तिथल्या वस्तादांना एक गोष्ट कधीच पटली नाही. मी खाली पाठीवर पडून वरच्याला पायांत अडकवायचा सराव करायचो, तर ते काठावरून ओरडायचे, "पाठ टेकली ना बे, मग अजून काय लढून राहिला?" कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. एमएमएत खालून आर्मबार (कोपर उलटं ताणायचा डाव) लागतो, ट्रँगल (पायांनी गळा आवळायचा डाव) लागतो. वस्तादांना ही आजही लबाडी वाटते. खरं सांगायचं तर खाली पडायचंच नाही, हा त्यांचा हट्ट मला पुढे जास्त कामाला आला.

अ‍ॅमेच्युअर आणि प्रो यांतला फरक कागदावर लहान दिसतो. अ‍ॅमेच्युअरमध्ये राउंड तीन मिनिटांचा, नडगीला शिनगार्ड, कोपर मारायला बंदी. प्रोमध्ये राउंड पाच मिनिटांचा, शिनगार्ड नाही, ग्लोव्ह चार औंसाचे, म्हणजे जेमतेम ११३ ग्रॅम, आणि कोपर चालतं. नीट बसलेल्या कोपराने कातडी चिरते, रक्त डोळ्यात उतरतं आणि डॉक्टर लढत थांबवू शकतो. राउंडचं म्हणाल तर तीनाचे पाच म्हणजे फक्त दोनच मिनिटं वाढली, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. चौथं मिनिट लागलं की हात वर राहत नाहीत.

पण त्याआधी लढत मिळायला हवी ना. २०१२ मध्ये भारतात सुपर फाइट लीग सुरू झाली, २०१९ मध्ये मॅट्रिक्स फाइट नाइट. २०१७ मध्ये आपला भरत खंडारे शांघायला यूएफसीत, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या एमएमए संघटनेत, लढला. पहिल्याच राउंडमध्ये हरला, पण तोवर यूएफसी हे नाव आम्ही फक्त टीव्हीवर पाहत होतो. २०२३ मध्ये अंशुल जुबलीने रोड टू यूएफसी ही स्पर्धा जिंकून यूएफसीचा करार मिळवला, २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. ही झाली वरची नावं. खालच्या थरात सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. मॅचमेकर, म्हणजे लढती जुळवणारा, वजन विचारतो, व्हिडिओ मागतो, 'कळवतो' म्हणतो आणि गप्प बसतो. मग एखाद्या रात्री अकराला मेसेज येतो: एकाने माघार घेतली आहे, येतो का? तयारी असेल त्याला लढत मिळते असं म्हणतात. माझ्या पाहण्यात तर ज्याचा फोन लागतो आणि रिपोर्ट तयार असतात त्याला ती मिळते.

मला जी मिळाली ती दिल्लीजवळ, ६१.२ किलोच्या बँटमवेट गटात. करार पीडीएफमध्ये आला. आमच्या नात्यातले एक दादा सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयात वकिली करतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. मानधनाचे दोन भाग होते, २० हजार लढण्याचे आणि जिंकलो तर आणखी २०. वजन चुकलं तर मानधनाचे २० टक्के प्रतिस्पर्ध्याला. दादांनी सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, "तुझा हात मोडला तर खर्च कोणाचा?" करारात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. विचारल्यावर आयोजकांकडून उत्तर आलं की पिंजऱ्याजवळ डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स असेल. त्यापुढचं आमचं आम्ही. घरी माझी अपघात विमा पॉलिसी होती, ती काढून वाचली, तर त्यात धोकादायक आणि व्यावसायिक खेळ वगळलेले. तरी सही केली. दादांनी कपाळाला हात लावला.

मग मेडिकल. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, ईसीजी, डोळ्यांचा पडदा आणि मेंदूचा एमआरआय. पहिल्या तीन तपासण्या का, हे उघड आहे, पिंजऱ्यात एकाचं रक्त दुसऱ्याच्या जखमेत जातं. धंतोलीत पावला पावलावर लॅब आहेत, त्यातल्या एकीत गेलो. एचआयव्ही तपासणीला लेखी संमती लागते, आधी समुपदेशन होतं. समोरच्या मॅडमनी आवाज खाली आणून विचारलं, "लग्न ठरलंय का?" मी म्हटलं, फाइट ठरली आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि फॉर्मवर 'इतर' लिहिलं.

डोळ्यांची तपासणी लोक हलक्यात घेतात. ठोशाने पडदा सरकू शकतो आणि माणसाला लवकर कळतही नाही. यूएफसीचा मायकल बिस्पिंग एका डोळ्याने जवळपास काही दिसत नसताना २०१६ मध्ये चॅम्पियन झाला. गोष्ट ऐकायला भारी, पण त्याचा तो डोळा काही परत आला नाही. तर तपासणीत बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात. एप्रिलमध्ये, दुपारी, नागपुरात. बाहेर आलो तर सगळा रस्ता पांढरा. गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता. एका मित्राने मागे बसवून, डोक्यावर दुपट्टा टाकून घरी नेलं.

एमआरआयच्या वेळी टेक्निशियनने विचारलं, "पडला होतास का?" म्हटलं, नाही, पडायचा संभव आहे. सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत महाग, आणि खर्च माझाच. अमेरिकेत नेवाडा, कॅलिफोर्निया अशा राज्यांची कमिशन असतात. ती लायसन्स देतात, रिपोर्ट तपासतात आणि नॉकआउट झालेल्याला ठरावीक काळ लढूही देत नाहीत. आपल्याकडे एमएमएसाठी तसं सरकारी कमिशन नाही, सगळं आयोजकाच्या सदसद्विवेकावर. मी सगळे रिपोर्ट स्कॅन करून पाठवले. 'रिसिव्ड' एवढं उत्तर आलं. पुढे कुणी त्यांचा विषय काढला नाही, आणि वजनाच्या दिवशी डॉक्टरांनी रक्तदाब पाहून पाठवून दिलं. मी मात्र ती फाइल अजून जपून ठेवली आहे. रिपोर्ट आयोजकासाठी काढायचे नसतात, स्वतःच्या डोक्यासाठी काढायचे असतात, असं माझं मत झालं आहे.

आता वजन. एरवी मी ६९ च्या आसपास असतो. उतरायचं ६१.२ वर. किताब पणाला नसलेल्या लढतीत एक पाउंड जास्त चालतो, म्हणजे ६१.७. यातलं अर्धं आहारातून हळूहळू उतरवायचं आणि उरलेलं शेवटच्या दिवसांत पाणी काढून. तर्रीपोहे बंद, रविवारचं सावजी बंद, मीठ जवळपास बंद. आई वैतागली. "लोकं वजन वाढवाले पैसे देतात, तू कमी कराले देऊन राहिला," असं ती शेजारणींनाही सांगायची. जिममधल्या एका दादाने लघवी होण्याची गोळी सुचवली, लॅसिक्स, 'सगळे घेतात' म्हणाला. ही गोळी 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे, आणि आधीच कोरड्या पडलेल्या शरीराला ती काय करेल याचा नेम नाही. सरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना बसवून यांग जियान बिंगचं सांगितलं. चीनचा फायटर, २१ वर्षांचा. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात 'वन चॅम्पियनशिप' या संघटनेच्या लढतीआधी वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्या संघटनेने पाणी काढून वजन उतरवायला बंदी घातली आणि लघवी तपासून शरीरात पुरेसं पाणी आहे का ते पाहायला सुरुवात केली. बाकी बहुतेक ठिकाणी, आपल्याकडेसुद्धा, जुनीच पद्धत चालू आहे.

सरांनी अट घातली. नागपूर सोडताना काट्यावर ६४.५ च्या वर दिसलं तर तिकीट रद्द. ६४.२ दिसलं.

दिल्लीचा प्रवास रात्रभराचा. पाणी घोट घोट, खाणं नावाला. बैतूल गेलं, इटारसीला गरम समोशांचा वास डब्यात शिरला, आणि समोरच्या बर्थवरच्या काकू डबा उघडून म्हणाल्या, "घे ना बाळा, लाजू नको." त्यांना काय सांगणार? पोट बिघडलंय म्हटलं. त्यांनी लगेच ओवा काढून दिला, तो चघळला. सर वरच्या बर्थवर तोंड फिरवून हसत होते.

हॉटेलात सॉना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, असेल असं सांगितलं होतं. नव्हता. गीझरचं गरम पाणी बादल्यांत सोडलं, दार लावून न्हाणीघरात वाफ केली, अंगात स्वेट सूट, आणि सर बाहेर घड्याळ लावून बसलेले. ठरावीक वेळ आत, मग बाहेर, टॉवेलखाली पडून राहायचं, पुन्हा वजन. मध्ये मध्ये ते मला माझ्या शेजाऱ्याचं नाव, घराचा नंबर असलं काहीबाही विचारायचे. मी चिडायचो. नंतर कळलं, उत्तर द्यायला वेळ लागला असता तर ते मला तिथेच पाणी पाजून लढत सोडून देणार होते. वजनाचा काटा आम्ही नागपूरहून नेला होता, पण त्यांच्या काट्यावर आमच्यापेक्षा २०० ग्रॅम जास्त दिसत होते. हे आदल्या रात्रीच जाऊन तपासलं होतं म्हणून निभावलं. ज्यांनी तपासलं नव्हतं ते सकाळी हॉटेलच्या जिन्यावर धावत होते. माझं वजन भरलं ६१.५. उतरल्या उतरल्या ओआरएस, मग दहीभात, आणि लढतीच्या संध्याकाळपर्यंत मी पुन्हा ६६ किलोचा झालो होतो. समोरचाही तेवढाच. दोघांनी इतका जीव काढून शेवटी ६६ वर लढायचं, तर ६६ वरच का नाही लढायचं? याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

लढतीबद्दल थोडक्यात. रेफ्रीने नियम सांगितले, हाताच्या पट्ट्यांवर अधिकाऱ्याची सही झाली, भुवयांना व्हॅसलिन लागलं. माझा ठरलेला प्रतिस्पर्धी आठवड्याआधीच बदलला होता आणि नवा डावखुरा होता. पहिला राउंड सरळ त्याचा, माझी भुवई त्याच्या कोपराने फुटली. दुसऱ्यात मी अंतर तोडून चिकटलो, ज्युदोतला उचिमाता (मांडीने उचलून फेकायचा डाव) लागला आणि पुढचा बराच वेळ मी वर होतो. तिसऱ्यातही तेच. तिन्ही परीक्षकांनी २९-२८ असे गुण माझ्या बाजूने दिले. वस्तादांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "खाली नाही पडला, हे बरं केलं." भुवईच्या टाक्यांबद्दल काहीच बोलले नाहीत.

पैशांचं विचाराल तर लढण्याचे २० हजार टीडीएस कापून वेळेत आले. जिंकल्याचे २० बरेच ईमेल पाठवल्यावर. तपासण्या, लढतीआधीच्या सराव-कॅम्पसाठी पुण्याला जाऊन राहणं, सरांचं तिकीट, टाके, जिममधून घेतलेली बिनपगारी सुट्टी हे सगळं धरलं तर मी खिशातून घालूनच आलो. पहिल्या काही लढती बहुतेकांच्या अशाच जातात. नोकरी सोडून याच्या मागे लागा असं म्हणणाऱ्याला तुमच्या घरचं भाडं द्यायला सांगा.

टाके निघाल्यानंतरही सरांनी बराच काळ डोक्यावर मार बसेल असा सराव करू दिला नाही. तेवढ्यात ५६.७ किलोच्या फ्लायवेटमध्ये ऐनवेळची लढत आली. सरांनी मला न विचारताच नाही म्हटलं, आणि मला बरंच वाटलं. आता ६५.८ च्या फेदरवेटसाठी बोलणी चालू आहेत. या वेळी वजनाबरोबर वकील दादांनी लिहून दिलेली दुखापतीच्या खर्चाची ओळही पाठवली आहे. मॅचमेकरचं उत्तर आलं: वजन चालेल, ओळीचं बघतो.