अनचार्टेड २ परत खेळतोय

अनचार्टेड २ : अमंग थीव्ह्ज, २००९ चा गेम, पण सुरुवात बघा ना, हिरो ड्रेक जखमी आणि ट्रेनचा डबा कड्यावरून लटकलाय, कंट्रोल शिकवायची काय भारी पद्धत आहे राव! पहिल्या भागात एका बेटावरच फिरत होतो, इथे थेट नेपाळ, हिमालय, मार्को पोलोची हरवलेली जहाजं, शांभाला नावाचं दंतकथेतलं शहर वगैरे. तो ट्रेनवाला लेव्हल तर कमालच, जंगलातून बर्फापर्यंत ट्रेन खरंच धावत असते आणि आपण डब्यांवर उड्या मारत गोळीबार करतोय. आपल्यासोबत येणाऱ्या तिबेटी गावकऱ्याची, तेन्झिनची भाषा कळत नाही, सबटायटल्स पण नाहीत, तरी दोस्ती जमते. शेवटचा बॉस (मुख्य व्हिलनशी लढाई) मात्र बोअर, नुसतं गोल गोल पळायचं.