न्येरेरेंबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून

आफ्रिकेच्या राजकारणावर बोलून झालं की प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो: "ज्युलियस न्येरेरेंचा समाजवाद फसला, टांझानिया गरीबच राहिला, मग तुम्ही त्यांच्याबद्दल एवढ्या आदराने का बोलता?" व्यासपीठावर हाती दोन मिनिटं असतात, उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहितो.

न्येरेरे म्हणजे टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि त्यांनी केलेल्या एका गोष्टीचा आजही राग आहे. दोन्हींचं मूळ एकच आहे असं माझं मत. हा माणूस हाडाचा शिक्षक होता. समोरच्याला नीट समजावलं की त्याला पटणारच, हा त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासाने त्यांनी देश बांधला. लोकांना पटेना तेव्हा मात्र त्याच शिक्षकाने छडी हातात घेतली.

जन्म 1922 चा, व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेकडच्या बुटियामा गावचा. वडील झनाकी या लहानशा जमातीचे प्रमुख. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांनी शाळा पाहिली नव्हती. पुढे टाबोराची शाळा, कंपालाचं मकेरेरे कॉलेज आणि एडिनबरा विद्यापीठ. 1952 मध्ये एम. ए. होऊन परतले आणि दार-एस-सलामजवळच्या पुगूला मिशनच्या शाळेत शिकवू लागले. 1954 मध्ये टानू हा पक्ष उभा केला. पुढच्या वर्षी नोकरी की राजकारण असा सवाल आला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. लोक त्यांना शेवटपर्यंत म्वालिमू, म्हणजे गुरुजीच म्हणत राहिले. 9 डिसेंबर 1961 ला टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला, तोही रक्तपाताविना.

माझा आदर सुरू होतो तो त्याच्या दोन महिने आधीच्या एका चर्चेपासून. ऑक्टोबर 1961 मध्ये नागरिकत्वाचं विधेयक विधिमंडळात आलं. देशात हजारो भारतीय होते. गावोगावी दुकानं थाटून बसलेले गुजराती होते, सरकारी कचेऱ्यांत गोव्याहून गेलेले कारकून होते. व्यापार बराचसा आशियाई लोकांच्या हातात होता आणि त्यांच्याविषयी चीडही होती. नागरिकत्व फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांना द्या, अशी मागणी न्येरेरेंच्याच पक्षाच्या सदस्यांनी लावून धरली. लोकप्रिय व्हायचं असतं तर मान डोलावणं पुरे होतं. त्यांनी उलट आपल्याच सदस्यांना सुनावलं की कातडीच्या रंगावर नागरिकत्व ठरवणं म्हणजे ज्याच्याविरुद्ध आपण लढलो तेच करणं आहे. बोलताना त्यांनी हिटलरचं नाव घेतलं. विधेयक पडलं तर सरकार राजीनामा देईल, असंही सांगून टाकलं. विधेयक मंजूर झालं. अकरा वर्षांनी शेजारच्या युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकललं, ते आठवलं की या चर्चेचं मोल कळतं.

तरी टांझानियातल्या भारतीयांसाठी पुढचा रस्ता सरळ नव्हता. 1971 मध्ये एक लाख शिलिंगांहून जास्त किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, पण घरमालक बहुतेक आशियाई होते. कितीतरी कुटुंबं कॅनडाला आणि ब्रिटनला निघून गेली. मात्र याच काळात अमीर जमाल हे भारतीय वंशाचे गृहस्थ देशाचे अर्थमंत्री म्हणून वर्षानुवर्षं काम करत होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

1966 ची एक घटना मला फार बोलकी वाटते. सक्तीच्या राष्ट्रसेवेला विरोध करत विद्यापीठाचे विद्यार्थी मोर्चाने आले. यापेक्षा वसाहतकाळ बरा होता, अशा आशयाचा फलकही त्यांच्या हातात होता. न्येरेरेंनी त्यांचं ऐकून घेतलं. पगाराचा विषय निघाला तेव्हा ते भडकले, आपल्याला सगळ्यांनाच पगार जास्त आहेत म्हणाले आणि जागच्या जागी स्वतःचा पगार वीस टक्क्यांनी कापला. त्याच दमात त्या शेकडो मुलांना घरी पाठवून दिलं. बहुतेकांना नंतर परत घेतलं खरं, पण मुलांचं म्हणणं तिथेच संपलं.

काही महिन्यांनी, फेब्रुवारी 1967 मध्ये, अरुशा जाहीरनामा आला. बँका आणि मोठे उद्योग सरकारी झाले. पुढाऱ्यांना दुसरा पगार, कंपन्यांचे शेअर, भाड्याची घरं ठेवायला बंदी झाली. खेड्यांनी एकत्र राहून एकत्र शेती करावी, ही उजामाची कल्पना पुढे आली. त्या वर्षीच्या आपल्या निबंधात न्येरेरेंनी स्पष्ट लिहिलं होतं की अशा गावांत कुणाला सक्तीने नेता येणार नाही.

आता माझ्या रागाचं कारण. दक्षिणेकडे रुवुमा भागात शेतकऱ्यांनी स्वतःहून अशी गावं आधीच वसवली होती. लिटोवा हे त्यांतलं पहिलं. या गावांनी मिळून रुवुमा विकास संघटना काढली, आपली शाळा चालवली, आपले निर्णय आपण घेतले. न्येरेरे ज्याचं स्वप्न पाहत होते ते तिथे हळूहळू उगवत होतं, आणि त्यांना त्याचं कौतुकही होतं. पण गावं पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांना जुमानत नव्हती. सप्टेंबर 1969 मध्ये पक्षाने संघटना बरखास्त केली आणि न्येरेरेंनी ते होऊ दिलं. माझ्या मते उजामा तिथेच हरली, पुढचं सगळं त्याचे परिणाम आहेत.

1973 च्या अखेरीस हुकूम निघाला की 1976 पर्यंत सगळ्या ग्रामीण जनतेने गावांत राहायला यायचं. लाखो माणसं हलवली गेली. ठिकठिकाणी जुनी घरं पाडली, जाळली, म्हणजे कुणी मागे फिरू नये. पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची जमीन सुटली, नवी शेतं घरापासून लांब पडली, काजूच्या बागा मागे राहिल्या. त्यातच दुष्काळ आणि तेलाची महागाई आली आणि देशाला बाहेरून धान्य मागवावं लागलं. न्येरेरेंचे चाहते दुष्काळाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. पाऊस चांगला झाला असता, पीक दुप्पट आलं असतं, तरी माणसाला त्याच्या घरातून ओढून काढणं चूकच होतं. विरोधकांना खटल्याविना डांबायचा कायदाही त्यांच्याच काळातला, 1962 चा. त्यावरही पांघरूण घालू नये.

मग आदर कशाचा? शंभराहून जास्त जमातींच्या देशात जमातीच्या नावावर राजकारण उभं राहू दिलं नाही, याचा. प्रमुखाचा मुलगा असून जमातप्रमुखांची सत्ता मोडली. किस्वाहिलीत स्वतः शेक्सपियर उतरवला, शाळा गावोगावी नेल्या. मोझांबिकपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या मुक्तिलढ्यांना दार-एस-सलाममध्ये आसरा दिला. ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) अल्पसंख्य गोऱ्यांनी सत्ता बळकावली, त्या प्रश्नावर 1965 मध्ये ब्रिटनशी संबंध तोडले आणि त्यापायी मोठ्या मदतीवर पाणी सोडलं. आणि 1985 मध्ये राष्ट्राध्यक्षपद स्वतःहून सोडून बुटियामाला शेतीवर गेले. पक्षाचं अध्यक्षपद मात्र 1990 पर्यंत हातात ठेवलं. त्याच सुमारास एकपक्षीय व्यवस्थेवर खुली चर्चा व्हावी, असं तेच बोलू लागले.

ज्यांना पुढे वाचायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच: स्तुतीची किंवा निंदेची चरित्रं नंतर उघडा. आधी 1967 चा तो निबंध काढा, मग 1973 नंतर गावं कशी हलवली गेली त्याची वर्णनं त्याच्या शेजारी ठेवा, आणि रुवुमाची हकीकत या दोन्हींच्या मध्ये वाचा.