कृष्णाकाठचा जुना गाडीउतार: नकाशांवरून शेतापर्यंत

भुईंजच्या खालच्या अंगाला कृष्णा ओलांडून जाणाऱ्या एका जुन्या गाडीवाटेचा, नकाशे आणि धातुशोधक यंत्र (डिटेक्टर) घेऊन चाललेला शोध आता कागदावरून शेतात आला आहे. शेत ज्या गावात आहे त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण शेताच्या मालकाने परवानगी मला दिली आहे, ही नोंद वाचणाऱ्या सर्वांना नव्हे.

आरंभ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एक मैलास एक इंच प्रमाणाच्या जुन्या नकाशा-पत्रकांपासून केला. ७४ अंशांचे रेखावृत्त सातारा शहराला लागूनच जात असल्याने आपल्या भागासाठी ४७ जी आणि ४७ के या दोन्ही गटांतील पत्रके शेजारी ठेवावी लागतात. त्यांवर नदीच्या दोन्ही काठांना उतरणारी एक गाडीवाट स्पष्ट दिसते आणि आजच्या उपग्रहचित्रात तिचा मागमूसही नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा जिल्ह्यावरील १८८५ सालचा १९ वा खंड रस्ते, बाजाराची गावे आणि जत्रा यांच्यासाठी सोबत वाचला. वाट कोणत्या बाजाराकडे जात असावी याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

मात्र अनेक शोधक इथेच थांबतात आणि पत्रकावरील रेषेवर सरळ डिटेक्टर घेऊन जातात, ते मला पटत नाही. या पत्रकाचे प्रमाण १:६३,३६० आहे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर सुमारे ३२ मीटर रुंद होते. अशी रेषा दिशा सांगते, जागा सांगत नाही. जागा सांगतो तो गाव नकाशा. तो बहुधा २० साखळ्यांस एक इंच या प्रमाणाचा असतो. ३३ फुटांची साखळी धरल्यास हे प्रमाण १:७,९२० येते आणि तीच अर्ध्या मिलिमीटरची रेषा चार मीटरांवर येते. (आपला गुंठा म्हणजे याच साखळीचा चौरस, ३३ फूट गुणिले ३३ फूट.) गाव नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवतात, त्यामुळे बैलगाड्यांची वहिवाट कोणती होती हे वेगळे काढता येते.

अडचण येते ती क्रमांकांची. जुन्या गाव नकाशावर सर्व्हे नंबर असतात, तर १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण झाले तिथे सातबाऱ्यावर गट नंबर आले. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातील एकत्रीकरणाच्या अभिलेखावरून जुळवावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याशिवाय परवानगी नेमकी कोणाकडे मागायची हेच कळत नाही.

गाव नकाशा क्यूजीआयएस या संगणकीय नकाशा-प्रणालीत आजच्या जमिनीवर बसवताना नदीचा काठ आधार म्हणून घेतला नाही, कारण पुराने काठ सरकतो. शिवेचे दगड, जुनी देवळे आणि बांधांचे कोपरे घेतले. रस्ते बदलतात, विहिरी बुजतात, पण भावकीच्या वादातला बांध सहसा हलत नाही. नकाशा हवा तसा ताणून बसवणारी ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही पद्धत मी टाळतो. ती प्रत्येक बिंदूतून नकाशा ओढून नेते, म्हणून चूक शून्य दिसते आणि एखादा बिंदू खोटा असल्यास तो लपून राहतो. पहिल्या घाताच्या साध्या रूपांतरात चुकीचा बिंदू लगेच उघडा पडतो.

आता शेतातील स्थिती. ऊसतोडीनंतर नांगरलेल्या रानात डिटेक्टर फिरवताना लोखंड वगळण्याची सोय पूर्ण बंद ठेवली. नाण्यांच्या आशेने ती सुरू ठेवणाऱ्यांना वाटेचा पुरावाच ऐकू येत नाही, कारण गाडीवाटेची खूण म्हणजे बैलांच्या पत्र्या (खुरांना ठोकलेले लोखंडी नाल), त्यांचे खिळे आणि चाकाच्या धावेचे, म्हणजे लोखंडी पट्टीचे, तुकडे. आपल्या बेसॉल्टच्या जमिनीत चुंबकीय खनिजे असल्याने यंत्र कुरकुरते, म्हणून काळ्या रानातून मुरुमाकडे जाताना ‘ग्राउंड बॅलन्स’, म्हणजे यंत्र त्या मातीशी जुळवून घेणे, नव्याने करावा लागला. पत्र्या नकाशाने दाखवलेल्या पट्ट्यातच मिळाल्या आणि नदीतून वर येणाऱ्या चढणीवर त्या सर्वांत दाट होत्या. ओझ्याची गाडी चिखलातून वर काढताना बैल जिथे जोर लावतो तिथे पत्री निसटते, हे त्यामागचे कारण असावे. प्रत्येक पत्रीची जागा जीपीएसवर नोंदवली आहे. नाणे अद्याप मिळालेले नाही.

ते मिळालेच तर मार्ग ठरलेला आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दुदांडी शिवराई (मराठा काळातील तांब्याचे नाणे) तर सोडाच, जत्रेत हरवलेले चांदीचे जोडवेही त्यात येऊ शकते. किल्ले, जुने घाट आणि देवळांचा परिसर मी यादीतच घेत नाही. संरक्षित स्मारकाजवळ यंत्र काढणे हा छंद नव्हे.

पलीकडच्या काठावर वाट ज्या गटात चढते तिथे सध्या खोडव्याचा ऊस उभा आहे. त्या गटाच्या मालकाशी बोलणे झाले असून तोड झाल्यावर रान नांगरण्यापूर्वी एकदा आणि नांगरल्यानंतर पुन्हा एकदा फिरण्याचे ठरले आहे. दरम्यान वरच्या अंगाच्या दोन गावांचे नकाशे मागवले आहेत.