तुम्ही विचारलंत म्हणून: आयर्लंडमध्ये बटाट्याशिवाय काय खाता?

सुट्टीत घरी आले की हा प्रश्न ठरलेला. डब्लिनला नोकरीसाठी नव्याने येणारी मराठी मुलंही पहिल्या आठवड्यातच विचारतात, "ताई, इथे बाहेर जेवायचं म्हणजे बटाटे, उकडलेलं मटण आणि बिअर, एवढंच ना?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. एवढंच नाही. खात्री करून घ्यायची असेल तर लिफी नदीकाठच्या 'द वाइंडिंग स्टेअर'मध्ये एकदा जेवा.

खाली पुस्तकांचं दुकान, जिना चढून वर गेलं की छोटं रेस्टॉरंट. खिडकीतून समोर हापेनी पूल दिसतो. १८१६ सालच्या या लोखंडी पुलावर पूर्वी अर्धा पेनी टोल घ्यायचे, म्हणून हे नाव. पण मला तिथे सगळ्यात आवडतं ते मेन्यूकार्ड. कितीतरी पदार्थांबरोबर माल कुठून आलाय तेही लिहिलेलं असतं.

तिथे मी दरवेळी शोधते तो पदार्थ म्हणजे कांद्याबरोबर दुधात शिजवलेला स्मोक्ड हॅडॉक, सोबत पांढरं चेडर घातलेला मॅश. वाचून फिकं वाटेल. माशाला दिलेला धूर आणि त्यातलं मीठ हळूहळू दुधात उतरतं, कांदा गोडसर होतो, आणि काटा नुसता टेकवला तरी माशाच्या पाकळ्या सुटतात. तिखट नाही, मसाला नाही, पण चव अगदी भरीव. आणि हो, बटाटा आहेच! तो का नसावा? आपण आंबेमोहोर की इंद्रायणी विचारतो, तसं इथे रूस्टर की केर्स पिंक असं विचारतात.

बटाट्यावरून आयर्लंडला हसणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगराईने गेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. गरिबांचं पोट एका पिकावर होतं, आणि त्याच काळात इथलं धान्य आणि लोणी जहाजांतून बाहेर जात होतं. पुढे कित्येक पिढ्या शिंपल्या, समुद्री शेवाळ हे उपासमारीतलं खाणं म्हणून नकोसं झालं. कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून मासा म्हणजे शुक्रवारचं व्रत, नाइलाजाने खायची गोष्ट. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर! चांगलं हॉटेल म्हणजे फ्रेंच जेवण, असंच समीकरण होतं.

म्हणून मला मर्टल ॲलन या बाईंबद्दल फार आदर वाटतो. १९६४ मध्ये कॉर्क परगण्यातल्या बॅलीमलू इथे त्यांनी आपल्या राहत्या घरातच रेस्टॉरंट उघडलं. शेतावर काय निघालंय, जवळच्या बॅलीकॉटन बंदरात कुठला मासा उतरलाय, ते बघून रोजचा मेन्यू लिहायचा. १९७५ मध्ये त्यांना मिशेलिन स्टार, म्हणजे उत्तम रेस्टॉरंटांना मिळणारा मानाचा तारा, मिळाला. आपल्या घरचं दूध, लोणी, भाजी पाहुण्यांपुढे मान ताठ ठेवून वाढायची, हे त्यांनी करून दाखवलं. आजचं 'मॉडर्न आयरिश' जेवण इथूनच आलंय, असं माझं ठाम मत आहे. ताटलीतली सजावट, फेस, फुलं हे सगळं नंतरचं.

अशा ठिकाणी ब्राउन सोडा ब्रेड मिळाला तर तो बाजूला सारू नका. इथला गहू मऊ, ग्लूटेन कमी, त्यामुळे यीस्टने नीट फुगत नाही. मग पीठ ताकात भिजवायचं, खायचा सोडा घालायचा, वर सुरीने फुली मारायची आणि लगेच भट्टीत. ताकातल्या आंबटपणाने सोडा फुलतो, आंबवत ठेवायची गरजच नाही. वर पिवळं धमक लोणी. तो रंग गाई खातात त्या हिरव्या गवताचा.

शाकाहारी मंडळींची काळजी वेगळी असते. मासे-मांसाचं पारडं जड आहे, हे खरं. पण सूप, बीट, गोट चीज, कोलकॅनन (केलची पालेभाजी आणि लोणी घातलेला बटाट्याचा मॅश) असं काही ना काही मिळतं; बुकिंग करतानाच सांगून ठेवा. आणि चीज चुकवू नका. सत्तरच्या दशकात बेरा द्वीपकल्पावर व्हेरोनिका स्टील यांनी घरच्या गाईच्या दुधाचं 'मिलीन्स' करायला घेतलं आणि शेतावर चीज करण्याची इथली जवळजवळ मोडलेली परंपरा पुन्हा उभी राहिली. मिलीन्सचा वास उग्र असतो, पहिल्यांदा खाणाऱ्याने टिपेररीच्या 'कॅशेल ब्लू'पासून सुरुवात करावी. चीजसाठी दूध घट्ट करायला रेनेट घालतात, ते कधी वासराच्या पोटातलं असतं, कधी शाकाहारी; कुठलं वापरलंय ते विचारा, लाजू नका. कुणी वाईट वाटून घेत नाही.

खर्चाचं म्हणाल तर डब्लिन महागच आहे. संध्याकाळी लवकर जाणार असाल तर 'अर्ली बर्ड' मेन्यू आहे का ते विचारून बघा, बऱ्याच ठिकाणी असतो. दोघं असाल तर एक हॅडॉक, एक चीजचं ताट, वाटून खा. बाकी काय मागवायचं ते वाढणाऱ्या मुलीवर सोडा. आज काय ताजं आलंय ते तिला नक्की माहीत असतं.