टोर्बेलच्या गायी आणि वहीतला तक्ता

या सत्रात आमचा निम्मा वेळ नवसंस्थावादात गेला, म्हणजे समाजातले लिखित-अलिखित नियम माणसाचं वागणं कसं घडवतात याच्या अभ्यासात. पीटर हॉल आणि रोझमेरी टेलर यांनी १९९६ च्या लेखात त्याच्या तीन शाखा सांगितल्या आहेत: ऐतिहासिक, समाजशास्त्रीय आणि रॅशनल चॉइसवाली (माणूस फायदा-तोटा मोजून वागतो असं मानणारी). परीक्षेच्या दृष्टीने हा लेख म्हणजे वरदानच. तीन रकाने आखा, फरक लिहा, मार्क घ्या. माझ्याही वहीत तो तक्ता आहे. पण तक्ता पाठ होऊनही या तीन शाखांचं भांडण नेमकं कशावरून आहे, ते काही डोक्यात शिरत नव्हतं.

ते शिरलं गायींमुळे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या १९९० च्या पुस्तकात टोर्बेल या स्वित्झर्लंडमधल्या डोंगराळ गावाबद्दल चारदोन पानं आहेत. वरची कुरणं गावाच्या सामाईक मालकीची. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की अशा कुरणाचं वाटोळं ठरलेलंच. जो तो आणखी एक जनावर सोडणार आणि शेवटी कोणालाच काही उरणार नाही. टोर्बेलमध्ये मात्र १५१७ पासूनचा नियम सापडतो: हिवाळ्यात जेवढ्या गायी पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात वर न्यायच्या. गायी वर पोचल्या की लगेच मोजणी, कारण पुढे चीजची वाटणी त्याच आकड्यावर होते. आणि मला सर्वांत आवडलेला तपशील: जास्तीच्या गायींबद्दल दंड करणाऱ्या माणसाला त्यातली निम्मी रक्कम स्वतःकडे ठेवायची मुभा होती!

मॅडमनी वर्गात एवढंच विचारलं, "जास्तीची गाय शेतकरी का नेत नाही?" मग जी जुंपली! एक गट म्हणाला, दंडाचा हिशोब परवडत नाही म्हणून. दुसऱ्याने मार्च आणि ओल्सन या अभ्यासकांचं म्हणणं पुढे केलं: माणूस दर वेळी नफा-तोटा मोजत बसत नाही, 'माझ्यासारख्याने इथे कसं वागायचं असतं' हे बघतो. मागच्या बाकावरून तिसरं उत्तर आलं की गोठे, चाऱ्याची जमीन, वाटण्या असं सगळं पिढ्यानपिढ्या त्या नियमाभोवती बसलेलं असतं, तो मोडणं म्हणजे सगळंच उसवणं. म्हणजे तक्त्यातले तिन्ही रकानेच बोलत होते: रॅशनल चॉइस, समाजशास्त्रीय आणि ऐतिहासिक. नियम तोच, गायी त्याच. वाद होता शेतकऱ्याच्या डोक्यात काय चाललंय यावर. माझं मत पहिल्या गटाला. नुसत्या रीतीभातीवर भागत असतं, तर दंडातला निम्मा वाटा कशाला द्यावा लागला असता?

तरी वाचायला सर्वांत मजा आली ती मेयर आणि रोवन यांचा १९७७ चा लेख घेतला तेव्हा. त्यांचं म्हणणं असं की संघटना बऱ्याच गोष्टी काम नीट व्हावं म्हणून करत नाहीत, बाहेरच्यांना आपण रीतसर दिसावं म्हणून करतात. आणि प्रत्यक्ष काम त्यापासून जरा लांबच ठेवतात. योगायोग म्हणजे त्याच आठवड्यात आम्हाला अभिप्रायाचा फॉर्म भरायचा होता. शेजारच्या मुलीने 'उत्तम'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत टिका मारल्या, एकही प्रश्न न वाचता. फॉर्म गोळा झाले, फायलीत गेले. कोणी कोणाला फसवलं असंही म्हणता येत नाही. फॉर्म भरून घेतले गेले, हेच तर हवं होतं. (गायी मोजणाऱ्याला मिळायचा तसा वाटा हे फॉर्म वाचणाऱ्याला दिला तर?)

डग्लस नॉर्थ यांचं 'संस्था म्हणजे खेळाचे नियम, संघटना म्हणजे खेळाडू' हे मात्र एका तासात उरकलं. सोपं आहे, पटतंही, पण त्यापुढे वर्गात कोणी फारसं बोललं नाही.

माझा निबंध बदलावर आहे. नियम इतके घट्ट असतात तर ते बदलतात कसे? कॅथलीन थेलेन यांच्या लिखाणात एक उत्तर मिळतं, लेअरिंगचं: जुन्याला हात न लावता त्यावर नवा नियम चढवायचा, आणि हळूहळू जुन्याचा अर्थच पालटतो. मी उदाहरण घेतलंय आमच्याच मूल्यमापनाचं. लेखी परीक्षा जागच्या जागी आहे, पण तिच्यावर अंतर्गत गुण, प्रेझेंटेशन, प्रकल्प असं एकेक चढत गेलंय. पहिला मसुदा परत आला तेव्हा समासात मॅडमनी लिहिलं होतं, "चढवलं कोणी? कोणाच्या सोयीसाठी?" जुन्या अभ्यासक्रमांच्या पुस्तिकांमध्ये फक्त 'समितीने ठरवले' एवढंच सापडतं. त्या बैठकांची इतिवृत्तं बघायला मिळावीत म्हणून अर्ज केलाय.