ल आणि ले : एका मात्रेचं फ्रेंच

फ्रेंचमध्ये 'पुस्तक' म्हणजे लिव्र आणि 'पुस्तकं' म्हणजेही लिव्रच. लिहिताना अनेकवचनाच्या शेवटी एस येतो, पण तो कुणी उच्चारत नाही. मग ऐकणाऱ्याला एक की अनेक हे कळतं कसं? नामाआधीच्या छोट्या शब्दावरून. ल लिव्र म्हणजे एक, ले लिव्र म्हणजे अनेक. आता गंमत अशी की एल-ई ही अक्षरं दिसली की आपण सवयीने 'ले' वाचतो. झालं, एकाची अनेक पुस्तकं झाली! डी-ई वाचताना 'दे' म्हटलं तरी तोच घोळ होतो, कारण 'दे' हा वेगळाच शब्द आहे. म्हणून व्याकरणाकडे वळण्याआधी हे जिभेला लावून घ्या: ई एकटा असेल तर मात्रा द्यायची नाही, ओठ जरा गोल करून तोकडा 'ल', तोकडा 'द'. मात्रा येते ती पुढे एस असेल तेव्हा.

या छोट्या शब्दांना डिटर्मिनर म्हणतात. आर्टिकल (ल, ला, ले, अँ, युन, दे), 'माझा-माझी-माझे' (मों, मा, मे) आणि 'हा-ही-हे' (स, सेत, से) ही सगळी एकाच खुर्चीवर बसणारी मंडळी. ती खुर्ची फ्रेंच सहसा रिकामी ठेवत नाही, आणि तिच्यावर दोघांना बसूही देत नाही. मराठीत 'हे माझं पुस्तक' बिनदिक्कत चालतं. फ्रेंचमध्ये स मों लिव्र म्हणता येत नाही. स लिव्र म्हणा, नाहीतर मों लिव्र.

वस्तूंना लिंग असतं याचं मराठी माणसाला नवल वाटत नाही. धोका वेगळाच: आपलं लिंग फ्रेंच शब्दाला चिकटवण्याचा. आपला चंद्र 'तो', त्यांची ल्युन 'ती'. आपलं घर 'ते', त्यांची मेझों 'ती', कारण नपुंसकलिंगच तिथे नाही. शब्द पाठ करताना ल-ला लावून करू नका, अँ-युन लावून करा. कारण स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी ल आणि ला दोन्हींचा नुसता ल् उरतो. शाळा म्हणजे लेकोल, आणि त्यात लिंग गडप होतं. युनेकोल म्हटलं की स्त्रीलिंग कानाला कळतं. 'युन'साठी ओठ 'ऊ'सारखे करायचे आणि जीभ 'ई'च्या जागी ठेवायची. 'अँ' नाकातून येतो, पुढे स्वर नसेल तर शेवटी न् ऐकू येता कामा नये.

शब्दाच्या शेवटावरून अंदाज बांधता येतो. टी-आय-ओ-एनने संपणारे शब्द जवळजवळ सगळे स्त्रीलिंगी, एम-ई-एन-टीने संपणारी नामं बहुतेक पुल्लिंगी. ए-जी-ई शेवट असलेले बरेचसे पुल्लिंगी, जसं विलाझ (गाव). पण पाझ (पान), प्लाझ (समुद्रकिनारा) आणि इमाझ (चित्र) हे स्त्रीलिंगी अपवाद रोजच्या वापरातले आहेत, ते पाठच करा. लिंग चुकलं तरी समोरच्याला सहसा कळतं. मात्र काही ठिकाणी अर्थच फिरतो: ला तूर म्हणजे मनोरा, म्हणून ला तूर एफेल, आणि ल तूर म्हणजे फेरी, म्हणून सायकलस्वारांची ती शर्यत ल तूर द फ्राँस.

'त्याचा' आणि 'तिचा' यांतही असाच एक खड्डा आहे. मराठीत 'त्याची आई' म्हटलं की मालक कोण आणि वस्तूचं लिंग काय, दोन्ही कळतं. फ्रेंच फक्त दुसरी गोष्ट सांगतं. सा मेर म्हणजे त्याचीही आई आणि तिचीही आई. सों पेर, तिचे वडील असले तरी सोंच. नवशिका बाईबद्दल बोलताना सगळीकडे 'सा' लावत सुटतो, तो याच जागी घसरतो. त्यात आणखी एक वळण: स्त्रीलिंगी शब्द स्वराने सुरू होत असेल तर मा, ता (तुझी), सा जाऊन मों, तों, सों येतात. एकोल स्त्रीलिंगी, तरी मोंनेकोल. दोन स्वर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे, शाळेचं लिंग काही बदललेलं नाही.

तीच सोय अनेकवचनातही दिसते. एरवी मुका असलेला एस स्वरापुढे 'झ' होऊन बोलतो: ले आणि आमी मिळून लेझामी (मित्र). एचने सुरू होणारे काही शब्द मात्र ही जोडणी नाकारतात. एरो म्हणजे नायक. त्याचं अनेकवचन ले एरो, मध्ये अंतर ठेवून. तिथे झ लावलात तर ले झेरो ऐकू येतं, म्हणजे नायकांची शून्यं!

खरा कस लागतो तो कॉफीपाशी. आपल्याला 'कॉफी आवडते' आणि 'कॉफी पितो' या दोन्हींत कॉफी तीच. फ्रेंचला मात्र विचारायचं असतं की सगळी कॉफी, एक कॉफी की थोडी कॉफी?

झेम ल काफे: मला कॉफी आवडते. आवड-नावड कॉफी या आख्ख्या गोष्टीबद्दल असते, म्हणून ल.
झ ब्वा द्यु काफे: मी कॉफी पितो. जगातली सगळी कॉफी कोण पिणार? त्यातला काही भाग, म्हणून द्यु. स्त्रीलिंगी शब्द असेल तर द ला, स्वर असेल तर द ल्, जसं द लो (पाणी).
अँ काफे: एक कप कॉफी, मोजता येणारी.

आता नकार. झ न ब्वा पा द काफे. द्यु गेला, नुसता द उरला. अँ, युन, दे, द्यु, द ला या सगळ्यांचं नकारात द होतं, कारण जे नाहीच त्याचा भाग काय आणि संख्या काय! पण ल, ला, ले जागचे हलत नाहीत: झ नेम पा ल काफे. नावडली तरी आख्खी कॉफीच नावडते ना. 'आहे' या क्रियापदाच्या नकारातही बदल नाही: स ने पा द्यु काफे, म्हणजे ही कॉफी नव्हे. इथे कॉफीचा अभाव सांगायचा नसतो, समोर जे आहे त्याची ओळख नाकारायची असते.

प्रमाण सांगतानाही द एकटाच येतो: बोकू द काफे (खूप कॉफी), अँ किलो द पॉम (किलोभर सफरचंदं), युन बुतेय दो (पाण्याची बाटली). बोकू द्यु काफे ही नवशिक्यांची सगळ्यात टिकाऊ चूक असावी. 'थोडी' दाखवायला आधी द्यु पाठ केलेलं असतं, मग 'खूप'लाही तेच लागतं.

वर द्यु दोन प्रकारचा. एक हा 'थोडी'वाला, दुसरा द (-चा, -पासून) आणि ल यांची संधी. झे बझ्वँ द काफे म्हणजे मला कॉफी हवी, इथे द पुढचा 'थोडी'वाला द्यु गिळून टाकतो. झे बझ्वँ द्यु लिव्र म्हणजे मला ते ठरावीक पुस्तक हवंय, इथे द अधिक ल मिळून द्यु. तसंच आ (-ला, -कडे) अधिक ल म्हणजे ओ, आणि आ अधिक ले म्हणजेही ओ, फक्त स्पेलिंग वेगळं. ला असेल तर संधी होत नाही.

सरावाला तक्ते भरू नका. दहा नामं घ्या, त्यातली तीन स्वराने सुरू होणारी. प्रत्येक नाम मोठ्याने पाच रूपांतून फिरवा: अँ किंवा युन, मग ल किंवा ला, मग स किंवा सेत, मग मों किंवा मा, शेवटी पा द. शाळा घेतली तर: युनेकोल, लेकोल, सेतेकोल, मोंनेकोल, पा देकोल. शेवटच्यात 'दे' ऐकू येतं खरं, पण ती मात्रा एकोलच्या 'ए'ची आहे. अडखळाल तो शब्द दुसऱ्या दिवशीच्या दहांत पुन्हा घ्या.